कामाशिवाय फोन: चाळिशी-पन्नाशीतल्या मैत्रिणींबद्दल लिहा

चष्मा कुठाय

मुलं लहान होती तेव्हा माझ्याभोवती बायकांचा गराडा असायचा. शाळेच्या फाटकापाशी रोज भेटणाऱ्या, एकमेकींच्या पोरांना घरी सोडणाऱ्या, तापाच्या औषधाची मात्रा फोनवर विचारणाऱ्या. मुलं मोठी झाली, फाटक सुटलं, गराडा पांगला. भांडण ना तंटा. आता फोन वाजतो तो कामासाठी. ऑफिस, बँक, नाहीतर सासर-माहेरच्या कुणाचं तरी दुखणं. उगीचच, "काय करत्येस गं?" एवढंच विचारायला फोन करणाऱ्या दोघी उरल्यात, आणि त्यातली एक फोन लावते तेव्हा मी नेमकी मीटिंगमध्ये असते.

कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये एक अंदाज मांडला होता. नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास सोबत घालवावे लागतात, खरी मैत्रीण म्हणायला ९० आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. शेजारी बसून काम केल्याचे तास यात फारसे धरायचे नाहीत. विशीत हॉस्टेलवर हे २०० तास केव्हा सरायचे कळायचंही नाही. आता आठवड्याला मोकळा एक तास काढायचा म्हटलं तर जिवलग व्हायला चार वर्षं लागणार!

तर लिहा, माझ्यासारखंच टोपणनावाने. नियम एकच, सुविचार नकोत. मैत्री म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे, तुमच्या साध्या मंगळवारी काय होतं ते सांगा. तुटलेल्या मैत्रीचंही चालेल.

रात्रपाळी

आमची मैत्री पहाटे तीनला चालते. घामाने भिजून जाग येते, पांघरूण भिरकावते, पाच मिनिटांत थंडी वाजून तेच पुन्हा ओढून घेते. बाजूला नवरा गाढ. मग फोन उचलायचा. "उठलीस?" "कधीचीच." त्या वेळी आम्ही गंभीर काही बोलत नाही. कुठले कपडे आता अंगाला होणार नाहीत, हे कबूल करून देऊन टाकायचे, हा चर्चेचा कायमचा विषय. दोघींनीही अजून एकही दिलेला नाही.

पण एकदा हे कामाला आलं. पाळी सलग १२ महिने आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात, बहुतेकींची ४५ ते ५५ च्या दरम्यान होते, एवढं मला माहीत होतं. माझं ते वर्ष उलटून गेलं होतं, आणि मग एक दिवस कपड्यावर थोडासा डाग दिसला. मी फारसं मनावर घेतलं नाही. रात्री सहज तिला लिहिलं, तर बाईंनी त्या अवेळी थेट फोनच लावला. "एकदा थांबल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर थेंबभर असलं तरी दाखवायचं. उद्या. परवा नाही." गर्भाशयात पॉलिप, म्हणजे अस्तराला आलेली छोटी गाठ, निघाला, साधाच होता, काढून टाकला. बऱ्याचदा कारण असंच किरकोळ असतं, पण कधी कधी कर्करोग असतो, म्हणून तपासायचं असतं. हे मी बहिणीला सांगितलं नव्हतं. ती घाबरते, आणि मग तिलाच धीर देत बसावं लागतं.

नवी पाटी

माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाही, तरी लिहिते. नवऱ्याच्या बदल्यांमुळे आम्ही सतत फिरत राहिलो. जाईन तिथे बायका चांगल्याच भेटल्या, निघताना रडलोही. नंतर वाढदिवसाच्या शुभेच्छा, मग त्याही फोनने आठवण करून दिली तर. मध्यंतरी एका तपासणीच्या आधी फॉर्म भरत होते. ‘अडचणीच्या वेळी कोणाला कळवावे’ या रकान्यात नवऱ्याशिवाय आणखी एक नाव हवं होतं. शेवटी पुतणीचं टाकलं. ती परदेशात असते.

उरलेली एक

तुटलेल्या मैत्रीचं चालेल म्हणालात म्हणून. लग्नानंतर माझं सगळं मैत्रीखातं नवऱ्याकडून आलेलं. त्याचे मित्र, त्यांच्या बायका, आणि आम्ही बायका आपोआप मैत्रिणी. वाईट नव्हतं ते. बाळंतपणं, घराचे हप्ते, सासूबाईंची आजारपणं सगळं एकत्र काढलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी वेगळी झाले तेव्हा कोणी वाईट बोललं नाही. फक्त बोलावणी थांबली. जोडीजोडीने जमणाऱ्यांत एक खुर्ची विषम होते, आणि ते कुणालाच सोयीचं नसतं. एकीने तर मला स्पष्टच सांगितलं, "अगं, आमच्या ह्यांना अवघड होतं." ह्यांना काय अवघड होत होतं ते मी विचारलं नाही.

टिकली ती एकच, आणि ती मला त्या सगळ्यांत सर्वांत कमी आवडायची. आवाज मोठा, सल्ले न मागता, दुसऱ्याच्या घरात शिरून सरळ कपाटं उघडायची सवय. नव्या भाड्याच्या घरात मी खोकी न उघडता बसून होते, ही आली आणि कपाटं उघडून लावायला लागली. मधल्या काळात तिने एकदाही "असं का केलंस?" विचारलं नाही. गॅसची नोंदणी कुठे करायची, वकिलाच्या फीची पावती मागून घेतलीस का, एवढंच. गोडबोल्या मैत्रिणींबद्दल मला तेव्हापासून थोडी अढीच आहे. ती आजही न विचारता सल्ले देते. मी आजही त्यातले अर्धे मोडीत काढते.

आखडलेला खांदा

नवी पाटी, तुम्ही उलट्या बाजूने सुरू करा असं सुचवेन. मैत्रीण शोधायची नाही, वेळ ठरवायची. रोज त्याच वेळेला त्याच रस्त्याने चालायला जा, किंवा पोहण्याची एकच बॅच धरा. तेच तेच चेहरे दिसत राहतात आणि एक दिवस कोणीतरी "काल आला नाहीत?" असं विचारतं. मला माझी मैत्रीण अशीच पन्नाशीत मिळाली. चालण्यात एक सोय असते, शेजारी शेजारी असल्यामुळे एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. अवघड गोष्टी रस्त्याकडे बघत सांगता येतात. शिवाय पाळी गेल्यानंतरच्या काही वर्षांत हाडं झपाट्याने विरळ होतात, त्यामुळे अंगाचा भार हाडांवर पडेल असा व्यायाम लागतोच. पोहणं सांध्यांना उत्तम, पण हाडांसाठी चालणं, जिने चढणं, वजनं उचलणं हवं.

माझं नाव खांद्यावरून पडलंय. फ्रोझन शोल्डर चाळीस ते साठच्या वयात जास्त दिसतं, पुरुषांपेक्षा बायकांत अधिक, आणि मधुमेह असेल तर शक्यता आणखी वाढते. माझा डावा हात मागे जाईना, वरही जाईना. ब्राचा हूक लावता येत नाही हे कुणाला सांगणार? मुलगा कॉलेजात, नवरा फिरतीवर. ऑफिसला निघायच्या आधी ही यायची, पाठीमागे उभी राहून हूक लावायची, केस बांधून द्यायची आणि चहासुद्धा न घेता निघायची. ओळख होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. तासांचं गणित खरं असेलही, पण हुकाचा एक मिनिट कितीला धरायचा?

बास करा बायांनो

जरा वेगळं लिहिते, रागावू नका. माझी एक मैत्री मी जाणूनबुजून कमी केली. आम्ही भेटायचो की फक्त रडगाणं. तिची सासू, माझा साहेब, तिचा मुलगा, माझी जाऊ. प्रत्येक भेटीत तेच, नव्याने चिडून. घरी यायचे तेव्हा जाताना होते त्यापेक्षा जास्त वैतागलेली असायचे. अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये शाळकरी मुलामुलींवर केलेल्या अभ्यासात हेच दिसलं होतं. एकच अडचण दोघींनी पुन्हा पुन्हा उगाळली की जवळीक वाढलेली दिसते, पण सोबत चिंता आणि उदासीही. मुली हे जास्त करतात. पोरी मोठ्या होऊन सुधारतात असं मला तरी दिसलेलं नाही.

दुसऱ्या मैत्रिणीशी मी उघड करार केलाय. तक्रारी आधी, चहा संपेपर्यंत. कप ठेवला की विषय बदलायचा. ती रिकामा कप हातातच धरून बसते, ही तिची पळवाट.

किल्लीवाली

माझ्या आईला स्मृतिभ्रंश आहे. तिला एकटं ठेवता येत नाही, म्हणजे मला दात दाखवायला जाता येत नाही, केस कापायला जाता येत नाही. "काही लागलं तर सांग हं" म्हणणाऱ्या पुष्कळ आहेत. त्या वाक्यात सगळं काम माझ्याकडेच राहतं, काय लागतंय ते ओळखायचं, शब्द जुळवायचे, संकोच गिळायचा. माझी मैत्रीण तसं विचारत नाही. ती सांगते, "गुरुवारी चार ते सहा मी येत्येय, तू बाहेर जा." आई तिला कधी आपली बहीण समजते, कधी परकी. ती दोन्ही वेळा तितकीच निवांत असते. तिच्याकडे घराची किल्ली आहे, आईच्या औषधांची यादी फोनमध्ये आहे. मी त्या दोन तासांत बहुतेक वेळा काहीच करत नाही. एकदा गाडी लावून तिथेच झोपले होते.

कुंभकर्णाची मावशी

वाचून जीव जड झाला, आता माझं ऐका. आम्ही कॉलेजच्या मैत्रिणी पन्नाशीनिमित्त सहलीला गेलो, नवरे-मुलं वगळून. पहिल्या रात्री चौघींच्या गोळ्यांचे डबे टेबलावर ओळीने लागले. थायरॉइड, रक्तदाब, कॅल्शियम. दुसऱ्या सकाळी माझ्या खोलीतली मैत्रीण तारवटलेल्या डोळ्यांनी आली आणि सर्वांसमोर म्हणाली, "ही घोरते ते ठीक, पण मधेच श्वास बंद करते. मी रात्रभर मोजत बसले." नवऱ्याने कधीच काही म्हटलं नव्हतं, कारण तो माझ्या आधी झोपतो आणि स्वतः घोरतो.

रात्रपाळी, तुमच्यासारखंच झालं. परत आल्यावर तिने पिच्छाच पुरवला. झोपेची तपासणी केली, स्लीप अॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास मधेमधे थांबण्याचा विकार, निघाला. पाळी गेल्यानंतर बायकांत याचं प्रमाण वाढतं, आणि दिवसभराचा थकवा आपण वयाच्या खात्यावर टाकत राहतो. आता हवेचा दाब देणाऱ्या यंत्राचा मास्क नाकावर लावून झोपते. पुढच्या सहलीच्या खोल्या वाटणं चाललंय, तर दोघी माझ्या खोलीसाठी भांडतायत. यंत्राचा आवाज बाकीच्यांच्या घोरण्यापेक्षा फारच कमी आहे म्हणे.