लातूर ते रामेश्वर गाडीने, सोबत 76 वर्षांचे अण्णा: टप्पे कसे पाडावेत?

मांजराकाठ (लातूर)
राम राम मंडळी. अण्णांना (वडील, माळकरी) रामेश्वरला न्यायचं ठरतंय. काशी होऊन दोन वर्षं झाली, गंगाजलाचा गडू देवघरात तसाच आहे. तो रामेश्वराला वाहिल्याशिवाय यात्रा पुरी झाली असं ते मानत नाहीत. विमान नको म्हणतात, रस्ता दिसला पाहिजे. गाडी अर्टिगा, चालवणारा मी एकटा, सुटी 16 दिवस. बीपी आहे, रात्री इन्सुलिन आहे, गुडघे धरतात आणि दीड तासाला लघवीला थांबावं लागतं. सोयाबीन निघालं की नोव्हेंबर-अखेरीस निघावं म्हणतो. हैदराबादवरून जावं की विजयपूरवरून? दिवसाला किती किलोमीटर धरावेत? आणि बेटावर त्यांना काय झेपेल?

तुळजापूर नाका
आधी महिना बदला. तिकडचा पाऊस आपल्यासारखा मृगाचा नाही. परतीचा मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो आणि बंगालच्या उपसागरातली वादळं याच दिवसांत किनाऱ्यावर येतात. रामेश्वर बेटाच्या टोकाची धनुष्कोडी वाहून गेली ती 1964च्या डिसेंबरातच. जानेवारीच्या मध्यापर्यंत पोंगल आणि अय्यप्पा भक्तांची गर्दी असते. पौष अमावास्येला तर अग्नितीर्थावर (मंदिराजवळचा समुद्रस्नानाचा घाट) पाय ठेवायला जागा नसते, कारण त्यांच्याकडे ती पितरांची मोठी अमावास्या. म्हणून पौष अमावास्या उलटली की निघा आणि महाशिवरात्रीच्या आत परत या. हवा कोरडी, ऊन सोसण्यासारखं. कॅलेंडर बघून एवढं केलंत तरी निम्मा त्रास वाचला.

रस्ता विजयपूरवरूनच. हैदराबाद-कर्नूल मार्ग नांदेड-देगलूरकडच्यांना सोयीचा, लातूरकरांना फेरा पडतो. एकेरी अंतर साधारण पावणेचौदाशे किलोमीटर. टप्पे असे:

पहिला दिवस तुळजापूर, सोलापूर, विजयपूर (220). दुसरा होसपेट (205). तिसऱ्या दिवशी गाडी हलवायची नाही, हंपी. चौथा चित्रदुर्गवरून तुमकूर (270). पाचवा सेलम (275). सहावा मदुराई (235). सातवा रामेश्वर (170). आठवा-नववा बेटावर, दहाव्याला परत फिरलात तर पंधराव्याला घरी. एक दिवस हातचा राहतो. तो कुठेही आधी खर्चून टाकू नका, अण्णांचा एखादा दिवस वाईट जाणारच.

सकाळी साडेसहाला निघा, दुपारी दीड-दोनला मुक्कामाला पोचा. अंधारात स्टिअरिंग धरायचं नाही. तुमकूरला राहण्याचं कारण बंगळुरू. तुमकूर रोडवरूनच नाइस रोडला लागलात की शहरात न शिरता थेट होसूर रोडला निघता. त्याचा टोल वेगळा असतो, सुटे पैसे वर ठेवा.

विजयपूरला गोलघुमटाच्या वरच्या सज्ज्यात त्यांना चढवू नका. जिना अरुंद आहे, पायऱ्या उंच. खालच्या बागेत बसवा. हंपी मात्र टाळू नका. भानुदास महाराजांनी पांडुरंग परत आणला तो इथूनच, अशी आपली परंपरा. माळकरी माणसाला त्या विठ्ठल मंदिराचं वेगळं सांगावं लागत नाही. वाहनतळापासून मंदिरापर्यंत सुमारे किलोमीटरभर बॅटरीवरच्या गाड्या नेतात. सकाळी पहिल्या फेऱ्यांतच जा, दहानंतर तिथला दगड तापतो.

औषधवाला, उदगीर
दीड तासाला थांबणं ही अडचण समजू नका, तेच वेळापत्रक करा. 76व्या वर्षी सलग तीन तास पाय लोंबते ठेवून बसलं की पायाला सूज येते, पोटरीत रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो. थांबलं की पाच मिनिटं चालवा. बसल्या जागी टाचा-चवडे वीस वेळा वर-खाली करायला लावा. लघवीच्या भीतीने म्हातारी माणसं पाणीच पीत नाहीत, मग चक्कर आणि बद्धकोष्ठ. झाकणाचा युरिन पॉट औषधाच्या दुकानात मिळतो, तो आणि एक जुनं धोतर आडोशाला गाडीत ठेवा. पॉट आहे म्हटलं की माणूस आपणहून पाणी पितो.

बीपीच्या औषधात लघवी वाढवणारी गोळी आहे का ते चिठ्ठीवर बघा. असेल तर प्रवासाच्या दिवशी किती वाजता द्यायची हे डॉक्टरांना आधी विचारा. आपल्या मनाने बंद करू नका.

इन्सुलिन: वापरात असलेली कुपी तीस अंशांच्या आत साधारण 28 दिवस चालते, त्यामुळे बर्फाचा डबा लागत नाही. उलट बर्फाला चिकटून ती गोठली तर फेकावीच लागते. रुंद तोंडाच्या थर्मासात ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, आणि जेवायला उतरलात की थर्मास सोबत घ्या. उन्हात बंद गाडी भट्टी होते. न फोडलेल्या कुप्या मुक्कामाला लॉजच्या फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यापासून लांब.

साखर उतरली तर लागणारा ग्लुकोज आणि दुपारच्या गोळ्या अण्णांच्या हाताशी, पुढच्या कप्प्यात. सगळं औषध डिकीतल्या बॅगेत म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. औषधं 16 नाही, 22 दिवसांची घ्या. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, ब्रँड तिकडे मिळेलच असं नाही.

बसण्याचं: मधल्या रांगेत डावीकडे बसवा, म्हणजे उतरणं रस्त्याच्या कडेला होतं. सीटवर गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी पसरा. आधी बूड टेकवायचं, मग दोन्ही पाय एकदम आत फिरवायचे. पिशवीवर अंग सहज वळतं, गुडघ्याला पीळ बसत नाही. बसल्यावर पिशवी काढून घ्या, नाहीतर ब्रेक लागला की माणूस पुढे सरकतो.

वैजयंता, उमरगा
जेवणाचं कुणी बोलेना. होसपेटपर्यंत चिंता नाही, खानावळीत ज्वारीची रोट्टी मिळते, ती आपलीच भाकरी. चित्रदुर्ग मागे पडलं की भात सुरू. तीन वेळा इडली, डोसा, भात झाला की साखर चढते. घरून कडक भाकरी न्या. पातळ थापून, भाजून, चुलीच्या धगीला पूर्ण वाळवलेली आठ-दहा दिवस टिकते. दात नसतील तर सांबारात कुस्करायची. ओली राहिली तर तिसऱ्या दिवशी बुरशी. धपाटे पहिल्या दोन दिवसांपुरते, त्यात कांदा घालू नका. शेंगदाण्याची चटणी डब्यात, दही जाईल तिथे मिळतं.

सेलमच्या पुढे हिंदी फारशी चालत नाही. "सक्करै वेंडाम" म्हणजे साखर नको, "सुडु तण्णी" म्हणजे गरम पाणी. चहा-कॉफीच्या टपरीवर हे दोन शब्द रोज लागतील.

खोली ठरवताना तळमजला किंवा लिफ्ट आणि कमोड आहे का, हे फोनवर विचारून घ्या. भक्तनिवासात बरेचदा देशी संडास असतो. घडीची कमोड खुर्ची डिकीत असली की हा प्रश्नच मिटतो.

सेतुबंध (परभणी)
बेटाचं सांगतो. मंडपमनंतर पांबनचा रस्ता-पूल लागतो, सव्वादोन किलोमीटरहून थोडा जास्त, 1988चा. लोक पुलावर गाड्या थांबवून फोटो काढतात, तुम्ही थांबू नका. मनाई तर आहेच, शिवाय वारा एवढा असतो की दार हातातून सुटतं. हळू चला आणि काच खाली करा. शेजारी रेल्वेचा पूल दिसेल, 1914च्या जुन्याच्या ऐवजी एप्रिल 2025मध्ये सुरू झालेला नवा. नव्याचा मधला 72.5 मीटरचा गाळा जहाजासाठी सरळ वर उचलला जातो.

मंदिर पहिल्या दिवशी नको, प्रवासाचा शीण असतो. दुसऱ्या दिवशी पहाटे 5 ते 6 स्फटिकलिंगाचं दर्शन. मंदिर दुपारी 1 ते 3 बंद असतं, मोबाईल आत नेता येत नाही. रीत अशी की आधी अग्नितीर्थात समुद्रस्नान, मग आतल्या 22 कुंडांचं पाणी, मग कोरडे कपडे घालून दर्शन. ओल्याने गाभाऱ्याकडे सोडत नाहीत. अग्नितीर्थाचा समुद्र तळ्यासारखा शांत, पण पायऱ्यांवर शेवाळ. अण्णांना शेवटच्या पायरीवर बसवून तांब्याने घाला.

गंगाजलाच्या अभिषेकाची पावती मंदिराच्या कार्यालयातूनच घ्या, वाटेत भेटणाऱ्या मध्यस्थाकडून नको.

धनुष्कोडी सकाळी सातला निघून करा. रामेश्वरपासून वीसेक किलोमीटर, रस्ता 2017पासून थेट अरिचलमुनैच्या टोकापर्यंत डांबरी आहे. संध्याकाळी गाड्या सोडत नाहीत. पेट्रोल गावातच भरा, लघवीही उरकून निघा, पुढे सोयीचं काही नाही. मोडक्या चर्चपाशी वाळूत गाडी घालू नका. वरून घट्ट दिसते, खाली भुसभुशीत, चाक रुततं. परत आल्यावर त्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा, खारा वारा ब्रेकच्या पाइपांना आणि सायलेन्सरला खातो. डॉ. कलाम यांचं स्मारक सपाटीवर आहे, अण्णा आरामात बघतील.

मांजराकाठ (लातूर)
महिना बदलला. पण अण्णा 22 कुंडांवर अडून बसलेत. झेपेल का?

सेतुबंध (परभणी)
सगळी बादलीने, नाही. कुंडं प्रदक्षिणेच्या वाटांवर आणि आवारात विखुरलेली, फरशी सतत ओली, पाय अनवाणी. पडण्याचा धोका तिथेच, थंडीपेक्षा जास्त. गर्दी रेटते ती वेगळीच. पावती दोघांची काढा. बादली तुम्ही अंगावर घ्या आणि प्रत्येक ठिकाणी थोडं पाणी तांब्यात धरा. शेवटी एका कोरड्या खांबाशी बसवून तेच 22 कुंडांचं पाणी त्यांच्या डोक्या-पायांवर घाला. टॉवेल आणि कोरडं धोतर पिशवीत हवंच. तरी ऐकले नाहीत तर नाथांचं नाव काढा. त्यांनी रामेश्वराला न्यायची कावड वाटेतल्या तहानलेल्या गाढवाला पाजली होती. तांब्यातलं पाणी चालत नाही असं पैठणचा माणूस तरी म्हणणार नाही.

गोदाकाठ, नांदेड
परतीला अण्णा थकले तर ओखा-रामेश्वरम ही आठवड्यातून एकदाची गाडी नांदेड, परभणी, संभाजीनगरवरून जाते. वार बघून खालच्या बर्थची दोन तिकिटं आधीच काढून ठेवा. घरचं कुणी सोबत बसेल, तुम्ही मागून मोकळी गाडी आणा. नाही लागली तर तिकिटं रद्द करता येतात.