अविश्वास ठरावातच पुढच्या पंतप्रधानाचं नाव सांगायची सक्ती हवी का?

कट्टेकर (धागाकर्ता):
१७ एप्रिल १९९९ ला टीव्हीपुढे बसून आकडा पाहिलेले इथे बरेच असतील. २६९ विरुद्ध २७०. वाजपेयी सरकार एका मताने गेलं. पाडणारे एकत्र आले, पण पुढे कोण यावर त्यांचं जमेना. लोकसभा विसर्जित, पुन्हा निवडणूक.

जर्मनीत असं चालत नाही. तिथल्या मूलभूत कायद्याच्या ६७ व्या कलमाप्रमाणे चान्सलरला काढायचं तर त्याच मतदानात त्याच्या जागी दुसरा निवडावा लागतो. नुसतं 'हा नको' पुरत नाही. वायमार काळात (पहिल्या महायुद्धानंतरचं जर्मन प्रजासत्ताक) चौदा वर्षांत वीसेक मंत्रिमंडळं झाली. एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष सरकार पाडायला तेवढे एक व्हायचे, त्यावरचा हा उतारा. १९४९ पासून असा ठराव दोनदाच आला आणि एकदाच जमला: १९८२ मध्ये श्मिट गेले, कोल आले. आपल्याकडे संविधानाच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या वेंकटचलय्या आयोगाने २००२ मध्ये हेच सुचवलं होतं. मग अडलंय कुठे?

हेकट:
अहो, उदाहरणच चुकलं. वाजपेयींवर अविश्वास ठराव आलाच नव्हता! जयललितांनी पाठिंबा काढला, राष्ट्रपती नारायणन यांनी बहुमत सिद्ध करायला सांगितलं आणि सरकारनेच मांडलेला विश्वासदर्शक ठराव पडला. तुम्ही कुलूप लावताय पुढच्या दाराला.

लांब कशाला, नेपाळ बघा. २०१५ च्या संविधानात पर्यायी नावाशिवाय अविश्वास ठराव नाही, पहिली दोन वर्षं तर आणताच येत नाही. तरी ओली, देउबा, प्रचंड यांची संगीतखुर्ची थांबली का? आघाडीतला पक्ष बाहेर पडला की पंतप्रधानाला तीस दिवसांत विश्वासमत घ्यावं लागतं. प्रचंड यांनी दीडेक वर्षात पाचदा घेतलं. चारदा तरले, जुलै २०२४ मध्ये बुडाले.

कट्टेकर:
१९९९ बद्दल चूक मान्य. मग दोन्ही दारांना कुलूप लावू. जर्मनीत विश्वासमत हरलं तरी चान्सलर लगेच घरी जात नाही. संसद दुसरा निवडू शकते, नाहीतर तो राष्ट्राध्यक्षांकडे विसर्जन मागतो. तेव्हाचे चान्सलर शोल्झ यांनी डिसेंबर २०२४ मध्ये निवडणूक हवी म्हणून मुद्दाम हरून घेतलं.

स्टुटगार्टवाली:
इथे राहून सांगते, कलम चांगलं आहे पण जादूची कांडी नाही. फसलेल्या ठरावाची गोष्ट कुणी सांगत नाही. एप्रिल १९७२, चान्सलर ब्रांट यांच्याविरुद्ध विरोधी पक्षाचे बार्त्सेल. हवी होती २४९ मतं, मिळाली २४७. मतदान गुप्त, म्हणून ब्रांट यांच्या बाजूचे बहुतेक खासदार चक्क जागेवर बसून राहिले. कोण फुटलं हा प्रश्नच नको! विरोधकांपैकी एकाने पुढे ५० हजार मार्क घेतल्याचं कबूल केलं, आणि त्यामागे पूर्व जर्मनीची गुप्तहेर यंत्रणा श्टासी असल्याचंही नंतर बाहेर आलं. म्हणजे घोडेबाजार इकडेही.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. ब्रांट यांचं बजेट २४७-२४७ असं अडकलं. खुर्ची शाबूत, पण कारभार ठप्प. शेवटी नोव्हेंबरात मुदतीआधी निवडणूक झालीच.

हेकट:
+१. कलम खुर्ची वाचवतं, बहुमत कुठून आणणार?

वाईकर तात्या:
थोरामोठ्यांचं चाललंय, त्यात आमची ग्रामपंचायत. सरपंचाविरुद्धची नोटीस तहसीलदारांकडे पडली त्याच रात्री सात सदस्य गाडीत घालून गणपतीपुळ्याला. सभा सात दिवसांत, तोवर समुद्र बघा, मोबाइल बंद ठेवा. नवा सरपंच कोण हे जाताना गुलदस्त्यात होतं, म्हणून सगळे खूश. परतीला आंबा घाटात कुणीतरी नाव फोडलं. घाट संपेस्तोवर सातातले तीन रुसले होते. ठराव पडला.

कट्टेकर:
तात्या, हेच तर म्हणतोय! नाव आधी सांगायला लावलं असतं तर गणपतीपुळ्याचा खर्च वाचला असता. ज्यांना पर्याय देता येत नाही त्यांनी पाडूही नये.

हेकट:
आणि कुणालाच नको असलेला सरपंच पाच वर्षं बसणार?

वाईकर तात्या:
आमचा बसलाय की. नव्या घंटागाडीचा विषय तीनदा मासिक सभेत आला, तीनदा पडला. कचरा पाराखाली.