एक्स्ट-टू पार्टिशन डेटा न पुसता जर्नलिंगवर नेता येईल का?

ग्रंथसेवक:
नमस्कार. आमच्या सार्वजनिक वाचनालयातील जुन्या संगणकावर देवघेवीची नोंद आणि जुन्या दिवाळी अंकांची स्कॅन केलेली पाने आहेत. बारा-तेरा वर्षांपूर्वी ज्या स्वयंसेवकाने त्यावर लिनक्स बसवले, त्याने दोन्ही पार्टिशने (डिस्कचे वेगळे केलेले भाग) एक्स्ट-टू या जुन्या, जर्नल नसलेल्या फाइल प्रणालीवर ठेवली होती. पुढे लिनक्सच्या आवृत्त्या बदलल्या, पार्टिशने मात्र तीच राहिली. लिनक्स असलेले रूट २० जीबीचे आहे आणि आमच्या फाइलींचे होम २७५ जीबीचे.

पावसाळ्यात आमच्याकडे वीज दिवसातून दोन-तीनदा जाते आणि यूपीएसची बॅटरी पाच मिनिटेही तग धरत नाही. त्यानंतर संगणक सुरू केला की होमची तपासणी चालू होते आणि पडद्यावरची टक्केवारी चाळीस मिनिटे रांगत राहते. मागच्या आठवड्यात तर तपासणी मध्येच थांबून रूटचा, म्हणजे प्रशासकाचा पासवर्ड मागू लागली. हाताने एफएससीके ही तपासणीची आज्ञा चालवल्यावर चौदा फाइली ‘लॉस्ट-अँड-फाउंड’मध्ये मिळाल्या, पण त्यांची नावे गेलेली आणि नावाच्या जागी # चिन्ह व एक लांबलचक आकडा. एकेक उघडून पाहिली, तेव्हा ती एकाच अंकाची पाने निघाली. क्रम लावण्यात अख्खी दुपार गेली.

फॉरमॅट न करता ही पार्टिशने जर्नलिंग फाइल प्रणालीवर नेता येतात का, एक्स्ट-थ्री घ्यावी की एक्स्ट-फोर, आणि त्यानंतर वीज गेली तरी फाइली सुरक्षित राहतील का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कीर्दखतावणी:
फॉरमॅटची गरज नाही. स्टीफन ट्वीडी यांनी एक्स्ट-थ्री घडवली तीच मुळी एक्स्ट-टूच्या रचनेला धक्का न लावता, आणि २००१ च्या नोव्हेंबरात ती २.४.१५ या कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात आली तेव्हापासून हे रूपांतर एका आज्ञेचे काम आहे. होम अनमाउंट करा, म्हणजे वापरातून सोडवा, ‘ईटूएफएससीके’ला ‘-एफ’ देऊन सक्तीची तपासणी करून घ्या, आणि मग त्या पार्टिशनवर ‘ट्यूनटूएफएस’ला ‘-जे’ हा पर्याय देऊन चालवा. जुन्या फाइली जिथल्या तिथे राहतात. मोकळ्या जागेतून जर्नलसाठी एक तुकडा राखला जातो आणि त्याची नोंद ८ क्रमांकाच्या आयनोडवर (फाइलीची माहिती ठेवणाऱ्या नोंदीवर) होते, इतकेच.

आता तिसऱ्या प्रश्नाविषयी, कारण गैरसमज तिथेच होतो. जर्नल म्हणजे दुकानातली रोजकीर्द. खतावणीत हात घालण्याआधी व्यवहार कीर्दीत पूर्ण लिहायचा, खाली ‘पूर्ण झाला’ अशी खूण करायची आणि मगच खाती बदलायची. वीज गेल्यावर कर्नल ही कीर्द वाचतो. खूण असलेले व्यवहार खतावणीत पुन्हा चढवतो आणि अर्धवट राहिलेले सोडून देतो. कीर्द लहान असल्याने या कामाला काही सेकंद पुरतात, मग डिस्क केवढीही असो. एक्स्ट-टूकडे कीर्दच नाही, म्हणून तिला सगळी खाती एकमेकांशी ताडून पाहावी लागतात, आणि तुमची चाळीस मिनिटे त्यातच जातात.

परंतु नेहमीच्या, म्हणजे ‘ऑर्डर्ड’ पद्धतीत या कीर्दीत फक्त मेटाडेटा लिहिला जातो: नावे, आकार, कोणते ब्लॉक कोणाचे. फाइलीतला मजकूर आधी जागेवर लिहून मग मेटाडेटाची नोंद पक्की होते, आणि ही पक्की नोंद साधारण दर ५ सेकंदांनी होते. त्यामुळे फाइल प्रणालीचा सांगाडा शाबूत राहील, नावे हरवणार नाहीत. मात्र वीज जाण्याच्या क्षणी जे स्मृतीतच होते, ते जाईल. मजकूरही कीर्दीत घालणारी ‘डेटा-जर्नल’ पद्धत आहे, पण तिच्यात प्रत्येक गोष्ट दोनदा लिहिली जाते आणि स्कॅनिंगच्या कामात ती जड पडेल. त्यापेक्षा बॅटरी बदला.

रात्रपाळी:
वरील उत्तराला दोन गोष्टी जोडतो. जर्नल घातल्यावर ‘एफएसटॅब’ या पार्टिशनांच्या यादीच्या फाइलीमधील फाइल प्रणालीचा प्रकारही बदला. जुना एक्स्ट-टू ड्रायव्हर अशा पार्टिशनला साधी एक्स्ट-टू समजून चालवतो, आणि जर्नल असूनही त्यात काहीच लिहिले जात नाही. मी स्वतः एकदा तीन महिने या भ्रमात काढले आहेत.

दुसरे, रूट पार्टिशन चालू यंत्रावर अनमाउंट होत नाही. माउंट असताना आज्ञा दिली तर रूटच्या मुळाशी ‘.जर्नल’ नावाची फाइल दिसू लागते. ती कचरा समजून काढायला जाऊ नका. पुढच्या वेळी अनमाउंट स्थितीत ‘ईटूएफएससीके’ चालले की ती आपोआप लपलेल्या आयनोडमध्ये जाते. मला विचाराल तर लाइव्ह, म्हणजे स्वतःचे लिनक्स असलेल्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून दोन्ही पार्टिशनांचे काम एकाच बैठकीत उरकावे.

ग्रंथसेवक:
दोघांचेही आभार. एक्स्ट-फोरविषयी विचारायचे राहिले. ‘ट्यूनटूएफएस’ला ‘-एल’ देऊन पाहिले तर आयनोडचा आकार १२८ बाइट दिसतो. याने काही अडते का?

नवीकोरीपाटी:
अडते, आणि म्हणूनच माझे मत वेगळे आहे. १२८ बाइटच्या आयनोडमध्ये वेळेचा शिक्का ३२ बिटांचाच मावतो, म्हणजे १९ जानेवारी २०३८ च्या पुढची तारीख त्यात लिहिता येत नाही. नव्याने बनवलेल्या एक्स्ट-फोरमध्ये आयनोड २५६ बाइटचा असतो. जुन्या पार्टिशनवर ‘ट्यूनटूएफएस’ने ‘एक्स्टेंट्स’ (सलग ब्लॉकांची एकच नोंद ठेवणे) हे वैशिष्ट्य चालू करता येते, पण त्याचा लाभ नव्या फाइलींनाच मिळतो. जुन्या फाइली ब्लॉकांच्या जुन्याच यादीवर राहतात. त्यांनाही बदलायचे तर प्रत्येकीवर फाइलीचे गुणधर्म बदलणारे ‘सीएचअ‍ॅटर’ चालवावे लागते. शिवाय एकदा फाइली एक्स्टेंटवर गेल्या की ते पार्टिशन एक्स्ट-थ्री म्हणून माउंट होत नाही. नाही तरी रूपांतराआधी बॅकअप घ्यावाच लागणार आहे. मग बॅकअप घ्या, पार्टिशन नव्याने एक्स्ट-फोर करा आणि फाइली परत आणा. एक्सएफएस या दुसऱ्या फाइल प्रणालीवर जायचे असते तरी हाच मार्ग होता, कारण तिथे जागच्या जागी रूपांतर होतच नाही.

कीर्दखतावणी:
तत्त्वतः मान्य, परंतु इथे प्रश्न २०३८ चा नसून या पावसाळ्याचा आहे. इतक्या वर्षांच्या डिस्कवर २७५ जीबी पुसून पुन्हा लिहिण्याची घाई मी करणार नाही. केवळ जर्नल घालणे हे मागे घेता येणारे पाऊल आहे: ‘हॅज-जर्नल’ हे वैशिष्ट्य काढले की पुन्हा एक्स्ट-टू. एक्स्टेंट्सला आत्ता हातच लावू नका. अंकांच्या पानांसारख्या लहान फाइलींना त्याने फारसा फरक पडणार नाही. २०१५ मध्ये ४.३ या कर्नलपासून एक्स्ट-थ्रीचा वेगळा ड्रायव्हर काढून टाकला आहे आणि ते काम एक्स्ट-फोरचा ड्रायव्हरच करतो, तेव्हा ‘एफएसटॅब’मध्ये एक्स्ट-थ्री लिहिलेत तरी चालेल. नवी डिस्क घ्याल तेव्हा ती थेट एक्स्ट-फोर करा. त्याआधी ‘स्मार्ट’ची (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिची) तपासणी करून खराब सेक्टर वाढत नाहीत ना, ते पाहा, मरणाऱ्या डिस्कला जर्नल वाचवत नाही.

ग्रंथसेवक:
काम झाले. आधी बाहेरच्या डिस्कवर सगळ्याची प्रत घेतली, त्यात एक रात्र गेली. स्मार्टमध्ये खराब सेक्टर शून्य निघाले. लाइव्ह पेनड्राइव्हवरून होमची सक्तीची तपासणी चाळीस मिनिटे चालली, आणि जर्नल घालण्याची आज्ञा चहा गाळून होईपर्यंत संपलीसुद्धा! रूटचेही तसेच केले आणि ‘एफएसटॅब’मधील दोन्ही ओळींत एक्स्ट-थ्री लिहिले. काल संध्याकाळी स्कॅनिंग चालू असतानाच वीज गेली. आल्यावर संगणक सुरू केला तर जर्नलमधून सावरत असल्याची एक ओळ चमकून गेली आणि लगेच लॉगिनचा पडदा आला. लॉस्ट-अँड-फाउंड रिकामे होते. स्कॅन होत असलेले शेवटचे पान तेवढे शून्य बाइटचे निघाले, ते आज सकाळी पुन्हा स्कॅन केले. बॅटरीची मागणी कार्यकारिणीपुढे ठेवली आहे.