मदत हवी आहे: आठवण गेली, मग जाणीव कुणाची?
नमस्कार मंडळी, आम्ही लष्कर-ग्वाल्हेरचे. आईला स्मृतिभ्रंश आहे. आत्ताच घेतलेला चहा आठवत नाही, पण नात गाताना तिचा यमन रागातला तीव्र मध्यम हा सूर जरा उतरला की लगेच हात वर करून तिला थांबवते.

१९५३ साली शस्त्रक्रियेत हेन्री मोलेसन या अमेरिकी रुग्णाच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा (नव्या आठवणी घडवणाऱ्या अवयवाचा) मोठा भाग काढला. नव्या घटना लक्षात राहीनात, तरी आरशात पाहून आकृती गिरवणं सरावाने जमू लागलं. सराव केल्याचं मात्र आठवायचं नाही! म्हणजे कौशल्याची स्मृती वेगळी. पण चुकीच्या सुराने अस्वस्थ होतं ते कोण? योगसूत्रांत स्मृती ही चित्ताची एक वृत्ती, द्रष्टा, म्हणजे ती वृत्ती पाहणारा, निराळा. यावर मराठीत काही सोपं वाचायला सुचवाल का?

आणि "हे अजून कसे आले नाहीत?" असं ती विचारते, तेव्हा बाबा गेल्याचं दरवेळी सांगावं का? अनुभवी लोकांनी कृपया लिहा.