कुत्र्या-मांजरांना अँग्झायटीच्या गोळ्या: गरज की पळवाट?

मोतीची_आई:
माझं मत सरळ लिहिते, पटलं नाही तर खुशाल भांडा. घरात एकटं पडलं की नखं तुटेपर्यंत दार ओरबाडणारा कुत्रा हट्टी नसतो, तो घाबरलेला असतो. अशा कुत्र्याला डॉक्टरांनी फ्लुओक्सेटीन हे भीती कमी करणारं औषध लिहून दिलं की लगेच "बिचाऱ्याला गुंगीत ठेवताय" म्हणणारे भेटतात आणि माझं डोकंच फिरतं. अहो, गुंगीची गोळी असती तर तासाभरात दिसलं असतं, याचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात. अमेरिकेत कुत्र्यांच्या सेपरेशन अँग्झायटीसाठी, म्हणजे एकटं पडण्याच्या भीतीसाठी, क्लोमिप्रामीन या अशाच औषधाला १९९८ मध्ये आणि फ्लुओक्सेटीनला २००७ मध्ये मान्यता मिळाली, म्हणजे हे काल-परवाचं फॅडही नाही.

रानवारा:
मान्यता मिळाली ती ट्रेनिंगच्या जोडीने द्यायला, हे नेमकं सगळे गाळतात. दिवसभर कोंडायचं, फिरवायचं जेमतेम, आणि भुंकलं की गोळी. बिघाड कुत्र्यात आहे की घरात? भूक मंदावणं, सुस्ती, उलट्या हे सगळं सोसायचं मात्र त्या मुक्या जिवाने.

मोतीची_आई:
@रानवारा कोंडणाऱ्यांबद्दल अगदी मान्य. पण पॅनिकमधला कुत्रा शिकतच नाही हो! आवडता खाऊ नाकासमोर धरा, हुंगत पण नाही, डोळे विस्फारलेले, लाळेने छाती भिजलेली, त्याला काय डोंबल शिकवणार? भीती इतकी तरी उतरू दे की तो खाऊ तोंडात घेईल, मग पाच सेकंद दाराआड जा, परत या, मग दहा सेकंद. गोळी ट्रेनिंगची जागा घेत नाही, ट्रेनिंग शक्य करते.

मनीमाऊ:
मांजरांचं पण बोला की. डॉक्टरकडे न्यायच्या आधी गॅबापेंटीन हे शांत करणारं औषध दिलं तर कितीतरी मांजरं पिंजऱ्यात शांत बसतात, तपासणी नीट होते, कोणी रक्तबंबाळ होत नाही. फक्त घरातली माणसांची औषधं मनाने देऊ नका, प्लीज. माणसांच्या पातळ गॅबापेंटीनमध्ये झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ असू शकतो, तो कुत्र्यांना विष आहे. आणि डायझेपाम या चिंता कमी करणाऱ्या औषधाच्या गोळ्यांनी काही मांजरांचं लिव्हर निकामी होऊन जीव गेलाय.

रानवारा:
हेच तर म्हणतोय! फटाक्यांच्या वेळी अजूनही नुसतं एसेप्रोमाझीन हे गुंगीचं औषध देतात, त्याने अंग ढिलं पडतं पण भीती तशीच राहते. कुत्रं निपचित पडलेलं बघून मालक खूश, आणि ते आतून थरथरतंय. याला उपचार म्हणायचं?

शेपटीवाला:
@रानवारा तो चुकीच्या औषधाचा दोष झाला, सगळ्या औषधांचा नाही. आवाजाच्या भीतीसाठी डेक्समेडेटोमिडीन या औषधाची हिरडीला लावायची जेल २०१५ पासून अमेरिकेत मान्य आहे. मला राग येतो तो तपासणी न करता गोळी देण्याचा. सांधे दुखत असले तरी कुत्रं आवाजाला दचकतं, आधी ते बघा. आणि गोचिडांसाठी अमिट्राझ या कीटकनाशकाचा पट्टा गळ्यात असेल तर फ्लुओक्सेटीन सुरू करायच्या आधी डॉक्टरांना सांगाच, दोन्ही एकत्र धोक्याचं आहे.

रानवारा:
तपासणीचं पटलं. तरी माझं म्हणणं तेच, आधी मालकाचं वेळापत्रक बदला, गोळी नंतर.

मोतीची_आई:
आणि तोवर त्याने दार ओरबाडत बसायचं? मला नाही पटत. वेळापत्रक बदला आणि औषधही सुरू करा, दोन्ही एकदमच. पुढे बंद करायची वेळ आली की डॉक्टरांना विचारून हळूहळू डोस कमी करा, एकदम तोडू नका.