आईच्या पिण्याबद्दल सल्ला हवा आहे

सांजवात: माझी आई ६९ वर्षांची असून बाबा गेल्यापासून पुण्यात एकटीच राहते. पूर्वी सर्दीपुरती घरात असणारी ब्रँडीची बाटली आता चार दिवसांत संपते, सकाळी तिचे हात थरथरतात आणि या महिन्यात ती दोनदा पडली. तिला दाखल करायचे नाही. घरी येणारे समुपदेशक महिना दहा हजारांत मिळतील का?

वनमाला: दाखलच करा, पैशांकडे पाहू नका. पुण्यातील मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राचा स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग आहे. माझी नणंद तेथे राहून आली, त्याला सहा वर्षे झाली.

मांडवीकाठ: आमची आजी रोज जेवणापूर्वी फेणी घेत असे आणि ८८ वर्षे जगली. उतारवयात एवढा विरंगुळा असू द्यावा.

परिचारिका: मांडवीकाठ, वयाबरोबर शरीरातील पाणी कमी होते, त्यामुळे तेवढ्याच पेगाने रक्तातील मद्य अधिक वाढते, आणि स्त्रियांमध्ये हे मद्याचे प्रमाण मुळातच पुरुषांपेक्षा अधिक वाढते. त्यात झोपेची गोळी असेल तर तोल जाण्याचा आणि श्वास मंदावण्याचा धोका वाढतो. सांजवात, हात थरथरत असतील तर दारू एकदम बंद करू नका. झटके (फिट) येऊ शकतात.

दिगंबर: दारू सोडवण्यासाठी चहात मिसळायची पावडर मिळते, तीही द्यायला हरकत नाही.

तगर: कृपया नको. माझ्या वडिलांना कोणीतरी सुचवलेली अशी पावडर आम्ही न सांगता दिली, त्यावर ते प्यायले आणि रक्तदाब इतका कोसळला की अतिदक्षता विभागात न्यावे लागले. आमच्यावरचा त्यांचा विश्वास मात्र पुढेही परत आला नाही.

वनमाला: म्हणूनच म्हणते, दाखल करा.

निरंजन: मी स्वतः अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या बैठकांमुळे अकरा वर्षे पीत नाही. तेथे शुल्क नसते, आणि नातेवाइकांसाठी अल-अ‍ॅनॉन आहे. तुम्ही तेथे आधी जा.

सांजवात: सर्वांची आभारी आहे. तूर्त मी दाखलही करणार नाही आणि समुपदेशकही शोधणार नाही. रविवारी पुण्याला जाऊन पंधरा दिवस राहीन आणि सोमवारी, पडण्याची तपासणी करायची आहेच, तर आईला आमच्या जुन्या डॉक्टरांकडे नेईन. पिण्याबद्दल त्यांना मी सांगणार आहे हे तिला निघण्यापूर्वीच सांगेन. तिच्या झोपेच्या गोळ्यांची पाकिटेही सोबत नेईन. तोवर तिच्या हातून बाटली काढून घेणार नाही.