सूर्य शांत असताना डाग आणि ज्वालांची नोंद: ७० मिमी दुर्बिणीतून काय जमेल?

शाळेची_दुर्बीण

नमस्कार. वाशीम जिल्ह्यातल्या एका गावात आठवी-नववीला विज्ञान शिकवते. शाळेकडे ७० मिमी भिंगाची, ७०० मिमी नाभीय अंतराची दुर्बीण आहे, सोबत २० आणि १० मिमीचे आयपीस. मुलांकडून सौरडागांची रोजची नोंद सुरू करायची आहे. २०२४ चा डागांचा कमाल काळ मागे पडला, आता पुढची काही वर्षं सूर्य शांत होत जाणार. अशा काळात पाहण्यासारखं काय उरतं? भिंगापुढे लावायची सूर्य-फिल्टरची फिल्म घ्यावी की कागदावर प्रतिमा पाडावी? बारीक डाग आणि धूळ यांतला फरक कसा ओळखायचा? सौरज्वाला या दुर्बिणीतून दिसतात का? शाळेवर टिनाचं छप्पर आहे, चहूकडे पऱ्हाटी-तुरीची वावरं, धुऱ्यापलीकडे शेततळं.

कोरी_तबकडी

मॅडम, डाग मोजायला फिल्म आणि जागा आखायला प्रक्षेपण, म्हणजे कागदावर प्रतिमा पाडणं, असे दोन्ही ठेवा. शांत काळात जे डाग येतात ते बहुतेक बारीक असतात. कागदावर ते हरवतात, फिल्ममधून दिसतात.

फिल्म दृश्य निरीक्षणाचीच हवी, म्हणजे घनता ५, एक लाखांश प्रकाश सोडणारी. ३.८ घनतेची फिल्म फोटोसाठी असते, ती डोळ्याला चालत नाही. पुठ्ठ्याची नळी भिंगाच्या बाजूने किमान पाच सेंटीमीटर आत बसेल अशी करा. फिल्म ताणून चिकटवू नका. थोड्या सुरकुत्या राहिल्या तरी प्रतिमा बिघडत नाही, ताणली तर मात्र बिघडते. वर तीन ठिकाणी चिकटपट्टी लावाच, आपल्याकडच्या वाऱ्याचा भरवसा नाही. रोज वापरण्याआधी फिल्म मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा. टाचणीएवढं भोक दिसलं तरी ती फिल्म बाद. एक्स-रे, सीडी, काजळी धरलेली काच, यांतलं काहीही नको. दुर्बिणीवरची छोटी शोधक दुर्बीण काढून ठेवा, नाहीतर कुणीतरी त्यातून डोकावणारच.

प्रक्षेपण करताना २० मिमीच्या आयपीसपासून कागद साधारण ४९ सेंटीमीटरवर ठेवला की सूर्याची १५ सेंटीमीटरची तबकडी मिळते. जानेवारीत सूर्य जुलैपेक्षा तीनेक टक्के मोठा दिसतो, तेवढा कागद मागेपुढे करा. प्लॅस्टिकच्या कवचाचा आयपीस उष्णतेने वितळतो. धातूच्या कवचाचा, साध्या दोन भिंगांचा घ्या. भिंगं चिकटवून जोडलेल्या महागड्या आयपीसमध्ये तो चिकटा तडकतो. प्रक्षेपण फक्त भिंगाच्या दुर्बिणीतून करायचं. आरशाच्या दुर्बिणीत आतला छोटा आरसा तापतो.

टिनाच्या छपरावरून किंवा उघड्या काळ्या जमिनीवरून पाहू नका. नऊ-साडेनऊनंतर तिथून गरम हवा उठते आणि सूर्याची कड उकळू लागते. सूर्य दोन-तीन हात वर आला की सुरू करा, उन्हाळ्यात साडेसात ते नऊ ही वेळ उत्तम. दुर्बीण शेततळ्याच्या पश्चिम काठावर ठेवा, म्हणजे सकाळी नजर पाण्यावरून जाईल. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावाच्या मधोमध आहे ती याच कारणाने. तळं जवळ नसेल तर नुकतं ओलित केलेलं वावर चालेल.

धुळीचं उत्तर सोपं आहे. आयपीस फिरवा. ठिपका सोबत फिरला तर तो आयपीसवरचा कचरा. फिरला नाही तर नळीला बोटाने हलकी टिचकी मारा. सूर्यासोबत हलला तर डाग. टिचकीचा दुसरा फायदा असा की हलत्या प्रतिमेत फिकट डागही डोळ्याला चटकन सापडतो.

दहा_गट_अधिक_डाग

मला महत्त्वाची वाटते ती शून्याची नोंद. शांत काळात बहुतेक लोक कंटाळून थांबतात, आणि नेमका तेव्हाच सलग, एकाच दुर्बिणीचा डेटा दुर्मीळ होतो. श्वाबे या हौशी निरीक्षकाने १८२६ पासून जर्मनीतल्या डेसाऊला लहान दुर्बिणीतून प्रत्येक निरभ्र दिवशी डाग मोजले, कोरे दिवसही लिहिले. १८४३ साली डाग वाढण्या-घटण्याचं दहाएक वर्षांचं चक्र त्याने मांडलं ते त्या शून्यांच्या बळावर. आपल्या कोडाईकनालच्या सौर वेधशाळेत १९०४ पासून सूर्याची छायाचित्रं घेतली जातात.

रोजच्या डागांसाठी वुल्फचा आकडा वापरतात, तो असा काढतात: गटांची संख्या गुणिले दहा, अधिक सगळे सुटे डाग. एकच एकटा डाग असेल तर एक गट आणि एक डाग, म्हणजे ११. शून्यानंतर थेट ११ येतो, १ ते १० मध्ये काहीच नसतं. म्हणून तो एक बारीक ठिपका खरा की खोटा, यावर त्या दिवसाची सगळी नोंद अवलंबून असते. ७० मिमीच्या भिंगाला साधारण १.७ कोनीय सेकंदांपर्यंतचा (एक कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तपशील उमगतो, सूर्यावर तो बाराशे किलोमीटरच्या आसपास येतो. त्याहून लहान डाग तुमच्या शून्यात राहणारच. हरकत नाही, फक्त दुर्बीण, आयपीस आणि पद्धत बदलू नका.

इंटरनेटवरचं आजचं उपग्रहचित्र मुलांना आधी दाखवू नका. एकदा डाग कुठे आहे ते कळलं की तो सगळ्यांना दिसायला लागतो. वही बंद झाल्यावर ताडून पाहा.

ढगाळ दिवशी शून्य लिहू नका, 'निरीक्षण नाही' लिहा. जून ते सप्टेंबर हा घोळ फार होतो, आणि मागाहून तो सुधारता येत नाही.

डाग नसले तरी कडेजवळ फॅक्युली, म्हणजे उजळ पुंजके, शोधा. किमान काळात ध्रुवांजवळच्या बारीक फॅक्युली उलट वाढतात, पण त्यांना मोठं भिंग आणि स्थिर हवा लागते. या दुर्बिणीतून रोज दिसतील अशी आशा ठेवू नका.

खरी मजा नवं चक्र सुरू होतानाची. जुन्या चक्राचे शेवटचे डाग विषुववृत्ताजवळ, पाच-दहा अंशांवर येतात. नव्याचे पहिले २५ ते ३५ अंशांवर. काही महिने दोन्ही एकाच तबकडीवर दिसू शकतात. मात्र अक्षांश मोजताना सूर्याचा आपल्याकडचा कल धरावाच लागतो. १५ सेंटीमीटरच्या तबकडीवर उत्तर ३० अंशांचा डाग मध्यरेषेवर असेल तर मार्चच्या सुरुवातीला केंद्रापासून ४५ मिमीवर दिसतो, सप्टेंबरच्या सुरुवातीला २९ मिमीवर. शिवाय सूर्याचा अक्ष एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला आकाशातल्या उत्तर-दक्षिण रेषेपासून २६ अंशांपर्यंत तिरका असतो. पश्चिम दिशा मिळवायला दुर्बीण हलवू नका, सूर्य सरकू द्या. डाग ज्या रेषेने सरकतो ती पूर्व-पश्चिम रेषा.

लहरी_१९८

ज्वालांबद्दल स्पष्ट सांगतो: साध्या पांढऱ्या प्रकाशात त्या जवळजवळ कधीच दिसत नाहीत. १ सप्टेंबर १८५९ ला कॅरिंग्टन या इंग्रज निरीक्षकाला दिसली ती अपवादात्मक प्रचंड होती. डोळ्यांनी पाहायची तर ६५६.२८ नॅनोमीटरची हायड्रोजन-अल्फा दुर्बीण लागते, ती शाळेला परवडत नाही. पण ज्वाला रेडिओ लहरींवर ऐकता येते.

ज्वालेतले एक्स-किरण साठ-सत्तर किलोमीटरवरच्या आयनांबराच्या (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागाच्या) डी थराला जास्त आयनित करतात, त्यामुळे लांबच्या अतिदीर्घ लहरींच्या रेडिओ केंद्रांचा संकेत अचानक बदलतो. आपल्यासाठी दोन केंद्रं सोयीची. तमिळनाडूतलं विजयनारायणम, १८.२ किलोहर्ट्झ, दक्षिणेला सुमारे तेराशे किलोमीटर. ऑस्ट्रेलियातलं नॉर्थ वेस्ट केप, १९.८ किलोहर्ट्झ, आग्नेयेला सहा हजार किलोमीटरच्या आसपास.

एक मीटर बाजूची लाकडी चौकट करा. तिच्यावर २६ गेजच्या इनॅमल तांब्याच्या तारेचे ५० वेढे, म्हणजे २०० मीटर तार, वजन सुमारे ३०० ग्रॅम. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते. चौकटीचं प्रतल केंद्राच्या दिशेने धरा. टोकं शील्ड केबलने संगणकाच्या साउंड कार्डात, मध्ये १ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, कारण माइकच्या खाचेत थोडा डीसी दाब असतो. नमुनादर ४८ किलोहर्ट्झ किमान, ९६ असेल तर उत्तम. स्पेक्ट्रम लॅबसारख्या संगणक-प्रणालीत त्या एका वारंवारतेची पातळी दर पाच सेकंदांनी नोंदवत ठेवा.

बिघाड होतो तो गावातल्या विजेमुळे. रोही-डुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनचा ठोका सेकंदागणिक आलेखावर येतो. सौर कृषीपंपाचा कंट्रोलर त्याहून वाईट, कारण तो चालतो नेमका उन्हात. चौकट अशा गोष्टींपासून शंभर मीटर तरी दूर न्या आणि तिचं तोंड फिरवून गोंगाट कमीत कमी येईल अशी दिशा शोधा. विजा चमकत असताना केबल काढून ठेवा.

ज्वालेची खूण अशी: काही मिनिटांत झपाट्याने चढ, मग अर्धा-एक तास हळू उतार. कधी उलट, आधी घट आणि मग भर, दोन्ही खऱ्याच. खडी कड घेऊन पातळी शून्यावर आली आणि तशीच राहिली तर केंद्र बंद झालंय. सूर्योदय-सूर्यास्ताचे चढउतार रोजचे, ते ज्वालेत मोजू नका.

ज्वालांचे ए, बी, सी, एम, एक्स असे चढते वर्ग असतात; शांत काळात बहुतेक ज्वाला ए आणि बी वर्गाच्या. मात्र पार्श्वभूमी खाली असल्याने बी वर्गाच्या वरच्या टोकाच्याही कधी उमटतात, ज्या कमाल काळात दबून जातात. आणि चक्राच्या उतरणीवर मोठ्या ज्वाला येतच नाहीत असं नाही: ५ डिसेंबर २००६ ला एक्स ९, ६ सप्टेंबर २०१७ ला एक्स ९.३.

शाळेची_दुर्बीण

खूप आभार. दोन केंद्रं कशाला, एक पुरणार नाही का? आणि वेळ कोणती लिहायची?

लहरी_१९८

२०१७ च्या त्या ज्वालेचा कळस आपल्या घड्याळाने संध्याकाळी ५:३२ ला होता. तेव्हा ऑस्ट्रेलियात रात्र झालेली, म्हणजे तो मार्ग अर्धा अंधारात. दक्षिणेचा मार्ग पूर्ण उजेडात होता. एकच ठेवायचं असेल तर विजयनारायणम ठेवा. वेळ नेहमी जागतिक (यूटीसी) लिहा, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून, आणि संगणकाचं घड्याळ रोज सकाळी जुळवून.